मास्तरांचे पाव्हणे

आमच्या दवाखान्यात बाळखोलीच्या दारात एक माणूस उभा असायचा आणि आत जाणाऱ्या प्रत्येकाच्या हातांचा वास घ्यायचा. सही करून घेणारे, नाव विचारणारे, चपला काढायला लावणारे मी पुष्कळ पाहिलेत. पण हात हुंगणारा माणूस आयुष्यात तेवढा एकच.

"हात दखाडा, सिस्टर."

मी हात पुढे करायची. ते मान वाकवून दोन्ही तळवे हुंगायचे, मग बोटांच्या बेचक्या, मग नखं. "कांदा," म्हणायचे. किंवा "पैसा धरेल शे." किंवा नुसतंच "परत धुवा." आणि सगळं ठीक असलं तर "जा." स्वच्छ आहे असं त्यांनी कधी कुणाला म्हटलं नाही. डॉक्टरसाहेबांनाही सवलत नव्हती. एकदा धुळ्याहून मोठे साहेब तपासणीला आले, त्यांचेही हात या गृहस्थांनी हुंगले आणि सरळ सांगितलं, "तमाखू. नळ तठे शे." साहेबांचं तोंड बघण्यासारखं झालं होतं, पण धुतले बिचाऱ्यांनी.

सगळे त्यांना मास्तर म्हणायचे. शाळेत त्यांनी कधी शिकवलं नव्हतं. गुरांच्या लसी करायच्या एका प्रयोगशाळेत पंधरा वर्षं बाटल्या धुता धुता ते सगळं शिकले आणि मग आमच्याकडे 'लॅब' नावाच्या एका खोलीत येऊन बसले. शिक्षण सातवी. दवाखाना म्हणजे खांडबाऱ्याच्या अलीकडे, रेल्वेच्या रुळांना लागून, चाळीस खाटांचा. आमचा भाग तेव्हा धुळे जिल्ह्यात मोडायचा. महाराष्ट्र नुकता झाला होता आणि मी वाईहून नर्सिंगचं सर्टिफिकेट घेऊन, नाक वर करून, या मुलखात उतरले होते. अहिराणी मला कळत नव्हती. मास्तर दुसरं काही बोलत नव्हते. पहिले तीन महिने आम्ही एकमेकांशी हातवाऱ्यांनी भांडलो.

मी फटकळ, हे आधीच सांगून ठेवते. पण त्या माणसाबद्दल आज बोलायला बसले की माझा आवाज आपोआप खाली येतो.

त्यांचं सगळ्यात गाजलेलं प्रकरण म्हणजे पोट. तापलेल्या बाळाच्या रक्तात जंतू आहेत का हे बघायचं, तर दोन-चार थेंब रक्त मांसाच्या काढ्यात टाकून ती बाटली माणसाच्या अंगाइतक्या उबेत ठेवावी लागते. मोठ्या शहरांत त्याला विजेची कपाटं असतात. आमच्याकडे लाकडी पेटी होती, आत कंदील. वारा आला की कंदील विझायचा, वात चढली की पेटी भाजायची. मास्तरांनी दोनदा बघितलं, तिसऱ्यांदा पेटी बाजूला सारली. धोतराच्या जुन्या पट्ट्यात बाटल्या गुंडाळल्या, बंडीच्या आत पोटाशी बांधल्या आणि कामाला लागले. माणसाच्या अंगाइतकी ऊब हवी ना? मग माणूसच घ्या की! दिवसभर ते तसेच हिंडायचे, जेवायचे, रात्री उताणे झोपायचे. वाकायचे नाहीत. जिना चढताना एक हात पोटाखाली.

बायकांना आयतंच सापडलं. आमची सोनाबाई आया, नवापूरच्या डोंगरातली कोकणी आदिवासी, तोंडानं तिखट, ती हमखास विचारायची, "मास्तर, कितवा महिना शे?"

"सातवा तास शे, माय," मास्तर गंभीरपणे सांगायचे. "अजून हालनं नही."

बाटलीतला काढा गढूळ झाला की ते "हालनं" म्हणायचे. आणि जे हललं त्याला जंतू न म्हणता पाव्हणा म्हणायचे. "पाव्हना उना!" असं ओरडत ते व्हरांड्यातून निघाले की आम्हाला कळायचं, कुठल्यातरी बाळाच्या रक्तात काहीतरी सापडलंय. शब्द आनंदाचा, बातमी वाईट. मला सुरुवातीला त्या माणसाचा रागच यायचा.

या पाव्हण्यांची बडदास्त मोठी असायची. स्वतः मास्तर माळकरी, अंड्यालाही शिवायचे नाहीत, पण बाजाराच्या दिवशी खाटकाकडून बोकडाचं मांस आणून ते तासन्तास उकळायचे, बिनमिठाचं. बशीतला थर घट्ट होण्यासाठी किराणा दुकानातून मिठाईत घालतात ते चायना ग्रास. वर रक्त हवं, ते मेंढीचं. त्यासाठी रानात उतरलेल्या ठेलारी मेंढपाळांच्या वाड्यावर जायचं, आणि रक्त गोठू नये म्हणून बाटलीत काचेचे मणी टाकून ती हलवत हलवत परत यायचं. मणी विसरवाडीच्या बाजारातल्या कासाराकडून. बांगड्या-मण्यांच्या दुकानात बायकांच्या गर्दीत उभं राहून हा माणूस मणी निवडायचा, आणि कासारीण विचारायची, कुणासाठी? "पाव्हनासाठे."

एकदा दवाखान्याचे एक विश्वस्त आले. शहाद्याकडचे गुजर, तापीकाठी केळी-उसाची मोठी शेती, घरात कांदासुद्धा बेतानं. लॅबच्या दारात येताच नाकाला उपरणं. "मास्तर! दवाखान्यात मटण?"

"मन्हं नही, शेठजी. पाव्हनास्नं." आणि मास्तरांनी त्यांना हाताला धरून सूक्ष्मदर्शकाशी बसवलं. शेठजी एक डोळा मिटून बराच वेळ बघत राहिले. मी म्हटलं, आता लॅबला कुलूप. पण शेठजी उठले, उपरणं झटकलं आणि म्हणाले, "इतके जण आहेत, आणि तुम्ही एवढंसंच मटण आणता?" पुढच्या महिन्यात त्यांनी लॅबला सहा नवीन काचेच्या बशा पाठवल्या.

पण मास्तर खरे कोण होते हे मला कळलं ते त्यांच्या चित्रकलेच्या वहीवरून.

जंतू सापडला की तो कुठल्या औषधानं मरतो हे बघायचं असतं. मास्तर टीपकागदाचे, कंडक्टर तिकिटाला भोक पाडतो तसल्या चिमट्यानं, बारीक गोल तुकडे पाडायचे. एक तुकडा पेनिसिलिनमध्ये बुडवलेला, एक स्ट्रेप्टोमायसिनमध्ये, असे चार-पाच. जंतू पेरलेल्या बशीवर ते मांडून ठेवायचे. दुसऱ्या दिवशी बशीभर जंतू उगवायचे, पण ज्या औषधाला ते भितात त्या तुकड्याभोवती मोकळी गोल जागा राहायची. मास्तर तिला आंगण म्हणायचे. "पाव्हना कोना आंगनमा पाय ठेवत नही, ते देखनं." आंगण मोठं तितकं औषध कामाचं. आंगण नाही तर ती सुई म्हणजे पाणी.

ही आंगणं ते कंपासनं वहीत काढून ठेवायचे. पन्नासच्या आसपासची वहीची पहिली पानं बघितली तर पेनिसिलिनचं आंगण चांगलं मोठं, पुरीएवढं. मग पान उलटा, पेढ्याएवढं. मग कोटाच्या बटणाएवढं. शेवटच्या पानांवर पुष्कळ ठिकाणी नुसता ठिपका, भोवती काही नाही. त्या ठिपक्यांकडे बघताना ते एकदम म्हातारे दिसायचे.

"दहा वरीसमा," ते मला म्हणाले, "दहा वरीसमा आपनच त्यास्ले शिकाडं."

म्हणजे काय, हे त्यांनी विसरवाडीच्या फाट्यावर नेऊन दाखवलं. तिथे ट्रक थांबायचे आणि एक जण पत्र्याच्या पेटीतून कशालाही पेनिसिलिन टोचायचा. डोकं दुखलं, टोच. पाय मुरगळला, टोच. मास्तर त्याच्यासमोर जाऊन उभे राहिले. "किती सुया देस एकले?" तो म्हणाला, एक. "एक सुईमा पाव्हना मरत नही. तू त्याले तालीम दी ऱ्हायना!" केवढं भांडण झालं! ड्रायव्हर लोक गोळा झाले. सुईवाल्यानं शेवटी मास्तरांच्या कोटाची बाही फाडली. परत येताना बसमध्ये मी बाही टाचली आणि हे वाकायला तयार नाहीत, कारण पोटाशी बाटली!

आता ज्यासाठी हे सगळं लिहायला घेतलं त्या गोष्टीकडे येते. ती टाळत होते हे सुज्ञांच्या लक्षात आलं असेल.

बाळखोली नवी होती. कमी वजनाची, अशक्त बाळं आयांजवळ गर्दीत न ठेवता वेगळ्या पांढऱ्याशुभ्र खोलीत ठेवायची, ही डॉक्टरसाहेबांची हौस. साहेब हुशार, भला माणूस, पण त्या खोलीच्या बाबतीत नव्या नवरदेवासारखा. खोली माझ्या ताब्यात. नियमही मीच केले. पहिला नियम: बाळाला हात लावण्याआधी दोन्ही हात पिवळ्या लोशनच्या पाण्यात बुडवायचे. जंतू मारणारं लोशन ते, मुंबईहून यायचं. तपकिरी काचेची मोठी बाटली, मूळ झाकण हरवलेलं म्हणून वर बूच. त्यातूनच वाडग्यात ओतायचं, त्यातच कापूस बुडवून बाळांची बेंबी पुसायची. मला त्या बाटलीचा कोण अभिमान! ती कधी रिकामी होऊ दिली नाही मी. निम्मी झाली की वरून लोशन आणि टाकीतलं पाणी घालून भरून ठेवायची. महागाची वस्तू, तळातलं ओतून कसं टाकायचं? आईनं घरात तेलाची बरणी अशीच राखली होती.

त्या थंडीत खोलीतलं एक बाळ गेलं. चौथ्या दिवशी दूध सोडलं, अंग गार, पोट फुगलं, दोन दिवसांत संपलं. अशक्त होतं, म्हणालो. मग दुसरं गेलं, आणि ते फारसं अशक्त नव्हतं. पेनिसिलिन दिलं होतं, स्ट्रेप्टोमायसिन दिलं होतं, डोस वाढवून दिला होता. आणि समोरच्या सार्वजनिक वॉर्डात, जिथे आया गोधडीत बाळं घेऊन झोपायच्या, दारातून कोंबड्या फिरायच्या, तिथली बाळं मजेत होती.

साहेबांनी मला बोलावून विचारलं, "सिस्टर, कोण नियम पाळत नाही?"

आणि मी, लाज वाटते सांगायला, एका क्षणात नाव घेतलं. सोनाबाई. खरंच पाळत नव्हती ती. लोशनच्या पाण्यात हात बुडवायला सांगितलं की म्हणायची, "मना हात जळतस त्या पानीमा." ती आपली चुलीवरच्या कढत पाण्यानं आणि कपड्याच्या साबणानं कोपरापर्यंत हात घासायची. मी तिला दोनदा टाकून बोलले होते, चारचौघांत. डोंगरातली माणसं, हिला काय कळतंय स्वच्छता! तोंडानं म्हटलं नाही हे, पण मनात होतं, आणि तिला ते ऐकू आलं असणार.

साहेबांनी तिला बाळखोलीतून काढून कपड्यांवर लावलं आणि महिना संपला की घरी बसायला सांगितलं. विधवा बाई, दोन मुली. ती चादरींचा ढीग उचलून मागच्या हौदाकडे गेली. मास्तर मात्र लॅबमधून उठून आले आणि साहेबांना म्हणाले, "तिना हात मी रोज हुंगस. साबन शे. दुसरं काही नही."

"मास्तर, नाकानं निदान होत नसतं. गुरांचं वेगळं," साहेब म्हणाले.

मास्तर परत गेले. मी तिथेच उभी होते आणि मला बरंच वाटलं.

दहा दिवसांनी रूथबाईचं बाळ आजारी पडलं. रूथबाई नवापूरकडची ख्रिस्ती शेतकरी घरातली, नवरा रेल्वेच्या गँगमध्ये. लग्नाला आठ वर्षं झाल्यावरचा पहिला मुलगा, आठवा महिना पुरा न होता आलेला. म्हणून माझ्या खोलीत. खिडकीच्या काचेबाहेर ती दिवसभर उभी असायची, आत यायची परवानगी नाही म्हणून. सहाव्या दिवशी सकाळी बाळानं दूध सोडलं. अंग गार. मी पोटाला हात लावला, फुगलेलं. तेच, अगदी तेच. आणि सोनाबाईनं तर या बाळाला बोटही लावलं नव्हतं!

साहेबांनी रक्त काढलं. मास्तरांनी बाटली पोटाशी बांधली. त्या दिवशी कुणी कितवा महिना विचारला नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी ते व्हरांड्यात आले, पण "पाव्हना उना" ओरडले नाहीत. बाटली माझ्यापुढे धरली. काढ्यावर हिरवट झाक होती. मी हुंगलं. गोड, जडसर वास. मोहाची फुलं सडा पडून उन्हात तापतात ना, तसा.

बशीवर तुकडे मांडले. तिसऱ्या दिवशी सकाळी सगळे लॅबमध्ये. हिरवी बशी, वर टीपकागदाचे पांढरे ठिपके. पेनिसिलिन, स्ट्रेप्टोमायसिन, टेट्रासायक्लिन, क्लोरॅम्फेनिकॉल. एकालाही आंगण नव्हतं. जंतू ठिपक्यांना टेकून उगवले होते.

"डोस वाढवू," साहेब म्हणाले.

"ज्याले आंगन नही, त्याले सुई काबर?" मास्तरांचा आवाज चढला. असा चढलेला मी एकदाच ऐकला, फाट्यावर. "साहेब, ते लेकरू शे. त्याले पानी टोची ऱ्हायनात तुम्ही!" आणि ती चित्रकलेची वही त्यांनी टेबलावर आपटली. साहेबांनी पानं उलटली. पुरी, पेढा, बटण, ठिपका. मग साहेब खाली बसले आणि म्हणाले, "मास्तर, आता काय?" त्या माणसाचाही मला तेव्हा आदर वाटला.

"औसद तुम्ही देखा. तो आठे कसा उना, ते मी देखस," मास्तर म्हणाले.

साहेबांनी पुस्तकं काढली. एक औषध होतं, पॉलिमिक्सिन, मूत्रपिंडाला घातक, एवढ्याशा जिवाला देताना हात कापावा असं. सुरतेला मिळण्यासारखं होतं. स्टेशनमास्तरांना सांगून तार केली.

मी बाळखोलीत जाऊन वाडग्यात हात बुडवले, कापूस आणायला बाहेर आले आणि परत आत वळले. दारात मास्तर.

"हात दखाडा."

एरवी त्यांच्यापुढे यायचे ते लोशनआधीचे हात; या वेळी मी नुकतेच लोशनच्या पाण्यातून काढलेले ओले हात पुढे केले. त्यांनी हुंगलं आणि मान वर केली नाही. पुन्हा हुंगलं.

"तुमना हातले मोहना वास येस."

"काय?" मी भडकलेच. मोह म्हटलं की आमच्याकडे एकच अर्थ. "मी काय दारू पिऊन ड्यूटीवर येते? शोभतं का तुम्हाला हे?"

ते माझ्याकडे बघतही नव्हते. माझ्या बाजूनं आत गेले, वाडगा हुंगला, मग ती तपकिरी बाटली उचलली, बूच काढलं आणि नाकाशी धरलं. मग त्यांनी ते बूच माझ्यापुढे केलं. मी हुंगलं.

मोह.

मी म्हटलं, शक्यच नाही. ते जंतू मारायचं औषध आहे! मास्तरांनी बूच उलटं करून एका बशीवर दाबलं. दुसऱ्या बशीवर वाडग्यातला थेंब. तिसरीवर माझी पाच बोटं. चौथीसाठी त्यांनी कपड्यांच्या ढिगाजवळून सोनाबाईला बोलावलं, तिची पाच बोटं टेकवली. चारही बशा कापडात गुंडाळल्या आणि पोटाशी बांधल्या.

दुसऱ्या दिवशी बुचाची बशी हिरवीगार होती. वाडग्याचीही. माझ्या पाच बोटांच्या जागी पाच हिरवे डाग. सोनाबाईच्या बशीवर इकडेतिकडे पांढरे ठिपके, हिरवा एकही नाही.

मास्तरांनी सगळं समजावलं ते मी अर्धवट ऐकलं. बूच म्हणजे झाडाची साल, तिच्या भोकांत पाणी मुरतं, लोशनची ताकद तिथे मरते. तळातलं कधी टाकलं नाही, त्यामुळे आत जो एकदा शिरला तो टिकला, आणि रोज नव्या लोशनमध्ये पोहत पोहत सवयीचा झाला. मी ते रोज हातांना लावत होते आणि बाळांच्या बेंब्यांना पुसत होते. सगळ्यात स्वच्छ खोली माझी. सगळ्यात कडक नियम माझे. ती दोन बाळं माझ्या हातांनी गेली.

साहेबांनी विचारलं, "ही बाटली भरायचं कोण?"

मास्तर म्हणाले, "दवाखाना भरस. अहवालमा मी 'बूच' लिखेल शे." आणि वही मिटली.

ते मला वाचवत होते, आणि मला ते सोसेना. मी म्हटलं, "मी भरायची, साहेब. रोज. तळ कधी ओतला नाही." मग तशीच मागच्या हौदाकडे गेले. सोनाबाई चादरी पिळत होती. आजवर मी तिला अगं-तुगं करत आले होते, वयानं ती माझ्या आईएवढी. मी म्हटलं, "सोनाबाई, चूक माझी होती. तुमचे हात चांगले होते. माझे नव्हते."

ती चादर पिळतच राहिली. मग म्हणाली, "त्या बाटलीना वास मालेबी येये. मी बोलू तर कोन ऐके?" आणि मला रडू फुटलं. तिनं ओल्या हातानं माझी टोपी सरळ केली, बास.

सुरतेहून औषध दुपारच्या पॅसेंजरच्या गार्डनं हातात आणून दिलं. मास्तरांनी त्यातला कणभर टीपकागदावर घेतला. साहेबांनी मात्र बशीची वाट बघितली नाही, हिशोब तीनदा तपासून सुई दिली. दुसऱ्या दिवशी बशीवर त्या ठिपक्याभोवती आंगण होतं. पेढ्याहून मोठं. मास्तरांनी कंपास घेतला, पण गोल वेडावाकडा आला. वहीत तो तसाच आहे.

बाळखोली रिकामी करून धुतली, बुचं जाळली, बाटल्या उकळल्या. रूथबाईला आत घेतलं, बाळ तिच्या छातीशी. सोनाबाई परत आली. मी मात्र आत पाऊल टाकेना. दारापर्यंत जायची आणि वळायची. चार दिवस मी बाह्यरुग्ण विभागात पट्ट्या बांधत होते. पाचव्या दिवशी साहेबांकडे अर्ज घेऊन निघाले, मला बाळांच्या कामातून मुक्त करावं. वाटेत लॅब. मास्तरांनी अर्ज वाचला, टेबलावर ठेवला, वर सूक्ष्मदर्शक ठेवला.

"हात धुवा. सोनाबाईगत."

मी धुतले. कढत पाणी, साबण, कोपरापर्यंत, त्वचा लाल होईतो. त्यांनी बशी पुढे केली, मी पाच बोटं टेकवली. रात्रभर मला झोप नाही. बशी कोरी येऊ दे, एवढंच मागत होते. कोरी आली तर जगेन, अशी काहीतरी वेडी बोलणी मी देवाशी केली.

सकाळी बशी कोरी नव्हती. पाचही बोटांच्या जागी पांढरे ठिपके. मी बशी त्यांच्यापुढे सरकवली. "बघा," म्हटलं, "बघा, माझे हात..."

मास्तर हसले. मी त्यांना हसताना क्वचितच बघितलं असेल. त्यांनी दुसरी बशी माझ्या बशीशेजारी ठेवली. तीवर माझ्यापेक्षा जास्त ठिपके, दाटीवाटीनं.

"ही कोणाची?"

"मन्ही. काल धुईसन टेकाडा." मग त्यांनी माझ्या बशीतल्या ठिपक्यांवर बोट फिरवलं. "हाई तुमनी वस्ती शे, सिस्टर. घरनी. हाई बाहेरथून घुसनारा पाव्हना नही. कोना हात कोरा ऱ्हास नही. कोरा हात शे म्हनीसन जो मानस चालस, त्याले भ्यावं." आणि मग एकदम, "हिरवं शे का? देखा बरं. शे का?"

मी बघितलं. दोनदा, तीनदा बघितलं. हिरवं नव्हतं.

"मंग जा. लेकरू रडी ऱ्हायनं."

खरंच रडत होतं. दहा दिवस ज्याच्या तोंडून आवाज नव्हता ते रूथबाईचं पोर भिंतीपलीकडे केकाटत होतं, भुकेनं, रागानं, आणि सोनाबाई मला हाका मारत होती. मास्तरांनी दोन्ही बशा उकळत्या भांड्यात टाकल्या. माझा अर्ज त्यांनी कधी परत दिला नाही, मीही मागितला नाही.

त्यानंतर अकरा वर्षं, ते निवृत्त होईपर्यंत, मी त्या दारात त्यांच्यापुढे हात धरले आणि त्यांनी ते हुंगले. कांदा, म्हणाले. परत धुवा, म्हणाले. एक दिवसही सोडला नाही त्यांनी.

फक्त त्या दिवशी, मी पुन्हा कोपरापर्यंत हात घासून बाळखोलीच्या दारात आले, ते माझ्याआधीच येऊन उभे होते. सवयीनं मी हात पुढे केले. त्यांनी हातांकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, वाकले नाहीत. बाजूला झाले आणि दार उघडलं.